मंडळीच्या वहीत दूरचा आजारी

पत्राचा सारांश : पत्र लिहिणाऱ्या ताई सत्तेचाळीस वर्षांच्या आहेत आणि आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, खजिनदार आहेत. मंडळीने नव्या सभागृहासाठी निधी उभारायला घेतला आहे. त्यातला दहावा हिस्सा गरीब देशांतल्या आजाऱ्यांसाठी, निदान क्षयरोग्यांसाठी, बाजूला काढावा असं त्यांनी पंचकमिटीत सुचवलं. त्यावर उत्तरं आली ती अशी : 'गोरगरीब सदा तुमच्याजवळ आहेत, हे प्रभूनेच सांगितलंय.' 'आपलं काम आत्म्यांचं, आजार बघायला सरकारं आहेत.' 'इतक्या लांब पाठवलेला पैसा वाटेतच खाल्ला जातो.' पहिलं वाक्य बोलले ते ज्येष्ठ पंच. त्यांची धाकटी बहीण लहानपणी क्षयाने गेली, असं तेच अधूनमधून सांगतात. त्यामुळे ताईंना ते जास्त लागलं. आता उपासनेत गाताना त्यांचा घसा दाटतो. 'आपण इथे गातोय आणि ते तिथे मरतायत, हे ढोंग वाटतं,' असं त्या लिहितात. मंडळी सोडून आपलं दान परस्पर एखाद्या संस्थेला द्यावं का, असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रिय ताई,

ज्या वचनाने तुम्हाला सभेत गप्प केलं, तिथूनच सुरुवात करते.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २६व्या अध्यायात येशू ते बोलतो, तेव्हा तो जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या १५व्या अध्यायातल्या एका वाक्याचा पहिला भाग उच्चारतो आहे. समोर बसलेले शिष्य यहूदी होते, पुढचा भाग त्यांना सांगावा लागत नव्हता. तो असा आहे : देशातून दरिद्री नाहीसे होणार नाहीत, म्हणून मी तुला आज्ञा करतो की आपल्या गरजू भावासाठी हात सैल सोड. सगळा जोर त्या 'म्हणून'वर आहे. त्याच अध्यायात थोडं वर, तुमच्यात कोणी दरिद्री असूच नये, असंही म्हटलेलं आहे, आणि अध्यायाचा विषय आहे दर सातव्या वर्षी करायची कर्जमाफी. मत्तयातही एक पान मागे जा. मी भुकेला होतो, आजारी होतो, तुम्ही माझ्याकडे आलात की नाही, हा हिशेब मागणारा भाग याच बोलण्याच्या जेमतेम काही ओळी आधी आहे. तुमच्या पंचांनी वचन बरोबर सांगितलं, फक्त मध्येच थांबवलं.

त्या वचनाच्या आड एक समजूत असते : दारिद्र्य आणि रोगराई काही हटत नाही, मग आपल्या चिमूटभर दानाने काय होणार? कदाचित ही समजूत तुमच्याही मनात थोडी असेल, कारण पत्रात तुम्ही 'समुद्रात थेंब' असं लिहिलंय. पण ती खरी नाही. १९९० मध्ये जगात पाच वर्षांच्या आतली सुमारे सव्वा कोटी मुलं दगावली. २०२२ मध्ये हा आकडा ४९ लाखांवर आला. ४९ लाख हाही जीव हेलावून टाकणारा आकडा आहे, पण निम्म्याहून जास्त मरणं टळली, ती लसींनी, साखर-मिठाच्या पाण्याने, मच्छरदाण्यांनी आणि शिकलेल्या आयांनी.

नारूचं बघा. पाण्यातून पोटात जाणारा हा जंत वर्षभराने पायाच्या कातडीतून बाहेर येतो. तो दोऱ्यासारखा काडीवर गुंडाळत रोज थोडा थोडा ओढून काढावा लागतो. त्यावर लस नाही, औषधही नाही. १९८६ मध्ये आशिया आणि आफ्रिकेत मिळून वर्षाला सुमारे ३५ लाख लोकांना तो होत होता. २०२३ मध्ये साऱ्या जगात १४ रुग्ण सापडले. पाणी बारीक कापडातून गाळून पिणं, आणि जखम झालेल्याने तळ्यात पाय न घालणं, एवढ्यावर हे झालं. फक्त ते गावोगाव, घरोघर, चाळीस वर्षं कुणीतरी सांगत राहावं लागलं. त्या मोहिमेमागे उभे राहिलेले जिमी कार्टर अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष होते, आणि आपल्या छोट्या गावातल्या बाप्टिस्ट मंडळीत रविवारचा बायबलवर्गही घेत होते. नव्वदी ओलांडल्यावरही घेत होते.

आता मला तुमच्याच एका वाक्यापाशी थांबायचंय. 'आपण इथे गातोय आणि ते तिथे मरतायत.' ताई, ते तिथे गातही आहेत.

आज जगातले बहुसंख्य ख्रिस्ती लोक आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेत राहतात. मलेरियाने दरवर्षी सुमारे सहा लाख माणसं मरतात, त्यातली बहुतेक आफ्रिकेतली आणि त्यातही बहुतेक पाच वर्षांच्या आतली मुलं. त्यांतल्या कित्येकांच्या आया रविवारी तुमच्यासारख्याच बाकावर बसतात. तेव्हा 'मंडळीने गरिबांसाठी काय करावं?' हा प्रश्नच थोडा तिरका आहे. त्यात मंडळी एका बाजूला आणि गरीब दुसऱ्या बाजूला, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मंडळीचा मोठा भाग स्वतःच गरीब आहे आणि तापाने फणफणतो आहे. मंडळी म्हणजे ख्रिस्ताचं शरीर, आणि एक अवयव दुखला की सगळं शरीर दुखतं, असं प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो. आफ्रिकेत एड्सची साथ ऐन भरात होती, तेव्हा तिथले ख्रिस्ती विचारवंत सरळ म्हणू लागले : ख्रिस्ताच्या शरीरालाच एड्स झाला आहे.

हे म्हणणं सोपं नव्हतं. त्याआधी कितीतरी वर्षं व्यासपीठावरून हा रोग म्हणजे पापाचं फळ असं सांगितलं जात होतं, आणि आजारी माणसं उपासनेला यायची बंद झाली होती. १९९२ मध्ये युगांडातले अँग्लिकन धर्मगुरू गिडियन ब्यामुगिशा यांनी स्वतःला एचआयव्हीची लागण असल्याचं उघडपणे सांगितलं. असं सांगणारे ते आफ्रिकेतले पहिले धर्मगुरू मानले जातात. पुढे त्यांनी आपल्यासारख्याच लागण झालेल्या धर्मगुरूंची संघटना उभारली. पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी, हा प्रश्न शिष्यांनी जन्मांधाविषयी विचारला होता. येशूने तो प्रश्नच बाजूला सारला आणि त्या माणसाच्या डोळ्यांना हात लावला. मंडळीने रोग्यांसाठी काय केलं हे सांगताना, मंडळीने रोग्यांचं काय केलं हेही सांगावं लागतं. तुमच्या सभेत हा विषय निघाला, तर लपवू नका.

याचा अर्थ फक्त ख्रिस्ती आजाऱ्याला मदत करावी असा कुणी काढेल, म्हणून तेही बोलते. येशूच्या दाखल्यात वाटेवर जखमी पडलेल्या माणसाचा धर्म त्याला मदत करणाऱ्या शोमरोन्याने विचारला नाही. चौथ्या शतकात जुन्या देवांची उपासना पुन्हा सुरू करू पाहणारा रोमन सम्राट जुलियन चिडून लिहून गेला की हे गालीली लोक (ख्रिस्ती लोकांना तो असं म्हणे) स्वतःच्याच गरिबांना पोसतात असं नाही, आमच्याही गरिबांना पोसतात. विरोधकाने दिलेली ही साक्ष आहे. आणि मदतीला कसलीही अट जोडायची नाही. औषधाच्या बदल्यात बाप्तिस्मा मागणं हा आजाऱ्याचाही अपमान आहे आणि बाप्तिस्म्याचाही.

'आपलं काम आत्म्यांचं' या म्हणण्यावर फार वेळ घालवत नाही. ज्या सुवार्तावादी मंडळ्या हे सर्वांत ठामपणे म्हणत, त्यांच्याच पुढाऱ्यांनी १९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे जमून एक करार केला. त्यात सुवार्ता आणि समाजाची जबाबदारी ही दोन परस्परविरोधी कामं मानल्याबद्दल त्यांनी पश्चात्ताप लिहून ठेवला. कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे, हे सांगणारा याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय तर सगळ्यांना ठाऊक आहे.

'आजार हे सरकारचं काम' हा मुद्दा मात्र निम्मा खरा आहे, आणि तो मान्य करा. रुग्णालयं, लसी, प्रयोगशाळा हा भार मंडळ्यांच्या थैलीतून उचलला जाणारा नाही, आणि सरकारांनी तो उचलावा असा आग्रह धरायलाच हवा. पण काही जागी सरकारचा हात पोचत नाही. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोला पसरला. मेलेल्या माणसाच्या शरीरातही विषाणू जिवंत असतो, आणि आप्त मृतदेहाला आंघोळ घालून निरोप देत होते. पथकं आली, पिशवीत घालून मृतदेह घेऊन गेली. मग लोक मृतदेह लपवू लागले. त्या वर्षाअखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने ख्रिस्ती आणि मुस्लिम संस्थांना बरोबर बसवून दफनाची नवी रीत लिहून काढली : देहाला हात लावायचा नाही, पण घरच्यांना खड्ड्यापासून सुरक्षित अंतरावर उभं राहू द्यायचं, पाळकाने किंवा इमामाने प्रार्थना म्हणायची, कबरीवर नाव लिहायचं. त्या साथीत ११ हजारांहून जास्त माणसं गेली. ती आटोक्यात येण्यात या बदललेल्या दफनांचा मोठा वाटा होता. आपल्या पाळकाने सांगितलं म्हणून आई मुलाच्या देहापासून चार पावलं मागे उभी राहिली. हे कुठलंही खातं करू शकलं नसतं.

आता पैसे खाल्ले जातात, याविषयी. तुम्ही खजिनदार आहात, तर करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा ८वा आणि ९वा अध्याय तुमच्यासाठीच आहे असं समजा. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी पौल दूरदूरच्या मंडळ्यांतून वर्गणी गोळा करत होता. मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतःच कंगाल होत्या, तरी त्यांनी आग्रहाने हिस्सा घेतला. आणि मग पौल लिहितो की एवढ्या मोठ्या रकमेबाबत कुणी आमच्याकडे बोट दाखवू नये म्हणून आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला आणखी एक माणूस पाठवतो आहे. देवासमोरच नव्हे, माणसांसमोरही व्यवहार चोख दिसला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातही तसंच आहे. वाटपात काही विधवा सुटतात अशी तक्रार आली, तेव्हा प्रेषितांनी वाटप थांबवलं नाही, सात माणसं नेमली. पैशाच्या गळतीची भीती खरी आहे आणि तिचा इलाज शास्त्रातच आहे : हिशेब मागा.

पण हिशेब मागण्याआधी एक करायचं असतं, आणि ते मी फार महागात शिकले.

पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या मंडळीने दूरच्या एका गरीब देशातल्या आरोग्यकेंद्रासाठी औषधं गोळा केली. खोक्यांवर पत्ते लिहायला मी बसले होते. घराघरांतून अर्ध्यामुर्ध्या पट्ट्या आल्या होत्या, आणि कात्रीने कापताना नेमका मुदतीच्या तारखेचा तुकडा उडालेला. बूच चिकटून बसलेली खोकल्याची बाटली. एका पाकिटात रक्तदाबाच्या सात गोळ्या, वर प्रेमाने लिहिलेलं 'प्रभू आशीर्वाद देवो'. खोक्यांवर हात ठेवून आम्ही प्रार्थना केली. काही महिन्यांनी तिथल्या परिचारिकेचं पत्र आलं. आधी आभार होते. मग लिहिलं होतं की गोळ्या निवडायला दोघीजणी तीन दिवस बसल्या, त्यातली जवळजवळ सगळी औषधं जाळावी लागली, आणि त्यासाठी रॉकेल विकत आणावं लागलं. शेवटी एकच विनंती : पुढच्या वेळी आधी आम्हाला विचाराल का?

आम्ही दान केलं नव्हतं, आमचं कपाट रिकामं केलं होतं. नंतर कळलं की हा प्रकार जगभर इतका चालत होता, की १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेला औषधदानाचे नियमच काढावे लागले. घेणाऱ्याची गरज आधी, आणि औषध पोचेल तेव्हा किमान वर्षभराची मुदत शिल्लक, असे साधे नियम. त्या परिचारिकेचं पत्र मी अजून जपून ठेवलंय.

म्हणून तुमच्या ठरावात मी एक बदल सुचवेन. दहावा हिस्सा 'जगातल्या आजाऱ्यांसाठी' असं लिहू नका. इतक्या मोठ्या शब्दात कुणाचाच चेहरा दिसत नाही. एक आजार, एक ठिकाण, आणि किमान पाच वर्षं. आजार तुम्ही आधीच निवडलाय आणि तो योग्य निवडलाय. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये दाखवला, गुणकारी औषधं १९४० च्या दशकापासून हाती आहेत, आणि तरी २०२३ मध्ये एक कोटीहून जास्त लोकांना क्षय झाला आणि सुमारे साडेबारा लाख मेले. कारण क्षयाचं बिऱ्हाड दाटीवाटीच्या खोल्यांत आणि उपाशी पोटात असतं. औषध सहसा सहा महिने घ्यावं लागतं. दोन महिन्यांत खोकला थांबतो, ताप जातो, माणूस कामाला लागतो आणि गोळ्या सोडतो. मग तोच रोग औषधाला दाद न देणारा होऊन परतू शकतो. तपासणी आणि औषधं बऱ्याच देशांत फुकट असूनही जवळपास निम्म्या क्षयग्रस्त कुटुंबांचं कंबरडं मोडतं, ते बुडालेल्या मजुरीने, प्रवासखर्चाने आणि आहाराच्या खर्चाने.

म्हणजे जिथे पैसा कमी पडतो ती जागा अगदी साधी आहे. दवाखान्यापर्यंतचं भाडं. घरातल्या सगळ्यांना पुरेल एवढं धान्य. झारखंडमधल्या एका मोठ्या चाचणीत रुग्णाच्या घरच्यांना पोषक शिधा दिला, तर त्यांच्यातले क्षयाचे नवे रुग्ण सुमारे ४० टक्क्यांनी घटले, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. आणि तिसरी गोष्ट म्हणजे रोज दारात येऊन 'आज गोळी घेतली का?' विचारणारी कुणी बाई, तिचं मानधन. मानधनाला दान द्यायला लोक नाखूश असतात, कारण त्यावर पाटी लावता येत नाही. तुम्ही तिथेच द्या.

ठिकाण निवडताना त्या देशातल्या मंडळीचं किंवा संस्थेचं आधीपासून चालू असलेलं काम शोधा, आणि ते सरकारी क्षय कार्यक्रमाशी जोडलेलं आहे का हे पाहा. जोडलेलं नसेल तर दुसरं शोधा. त्यांना विचारा : तुम्हाला काय हवंय? उपचार सुरू केलेल्यांपैकी किती जणांनी पूर्ण केले? ज्यांनी सोडले त्यांचं काय झालं? लेखापरीक्षण कोण करतं? तुमच्या गावचे लोक तुमच्या कारभारात आहेत का? उत्तरादाखल फक्त हसऱ्या मुलांचे फोटो आले, तर पैसे पाठवू नका. ज्यांनी उपचार सोडलेल्यांचा आकडाही न लपवता कळवला, त्यांच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

आणि दानाच्या पलीकडेही एक रस्ता आहे. १९९० च्या दशकात काही ख्रिस्ती लोकांनी बायबलातल्या लेवीय पुस्तकातलं योबेलाचं वर्ष, म्हणजे जमिनी परत करायचं आणि गुलामांना मोकळं करायचं पन्नासावं वर्ष, हातात घेतलं आणि विचारलं, गरीब देशांची न फिटणारी कर्जं माफ का होऊ नयेत? १६ मे १९९८ रोजी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये जी-८ या आठ बड्या देशांच्या गटाचे प्रमुख जमले असताना सुमारे ७० हजार माणसांनी हातात हात घालून मानवी साखळी केली. त्यांत मंडळ्यांमधून बस भरभरून आलेले आजी-आजोबाही होते. पुढच्या काही वर्षांत तीसहून अधिक देशांचं मिळून १०० अब्ज डॉलरहून जास्त कर्ज माफ झालं. टांझानियाने प्राथमिक शाळांची फी उठवली ती याच सुमारास. आपल्या लोकप्रतिनिधीला पत्र लिहिणं, परदेशी मदतीत कपात होताना प्रश्न विचारणं, हेही मंडळीचंच काम आहे. तुमच्या तरुण संघाला याची गोडी लागेल असं मला वाटतं.

राहिला मंडळी सोडण्याचा प्रश्न. सोडू नका, ताई. तुमच्या पगारातून तुम्ही आजच एखाद्या संस्थेला देऊ शकता आणि जरूर द्या, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. पण तुम्ही बाहेर पडलात तर त्या आजाऱ्याचं नाव घेणारं तिथे कुणी उरणार नाही. सभागृहालाही आडव्या जाऊ नका. माणसांना एकत्र जमायला छप्पर लागतं. ठराव नामंजूर झाला तर निधीला हात न लावता दर महिन्याच्या एका उपासनेचं अर्पण या कामासाठी मागा. तेही नाही जमलं, तर निदान इतरांसाठी केल्या जाणाऱ्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत त्या एका ठिकाणाचं नाव दर रविवारी घेतलं जावं एवढं मागा. आणि घसा दाटला तरी गात राहा. जिथे रोज कुणाला तरी मूठमाती दिली जाते तिथल्या मंडळ्याही गातात, आणि त्यांना कुणी ढोंगी म्हणत नाही.

पुढच्या सभेच्या आधी त्या ज्येष्ठ पंचांच्या घरी जाऊन या. ज्या माणसाने लहानपणी बहिणीला खोकताना ऐकलंय, त्याला हा आजार काय असतो हे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. 'गोरगरीब सदा राहणारच' हे त्यांनी त्या वयात स्वतःलाच समजावलेलं असेल, असंही होऊ शकतं. ठरावाचा कागद त्या दिवशी घरीच ठेवा. बहिणीचं नाव काय होतं, ती कशी होती, एवढंच विचारा, आणि ते बोलतील तितका वेळ बसा.

तुमची,
सदरलेखिका